आधी धिंगाणा, मग ध्यान

ध्यानाला बसल्यावर काय होतं, हे बसून पाहिलेल्यांना ठाऊक आहे. पाच मिनिटांत पायाला मुंग्या, आणि डोक्यात विजेचं बिल, ऑफिसातली कुरबुर, उद्याची गाडी. रजनीशांनी, म्हणजे पुढच्या ओशोंनी, १९७० मध्ये मुंबईतल्या शिबिरात या दुखण्यावर उफराटा इलाज काढला. आजच्या माणसाला गप्प बसता येत नाही ना, मग आधी त्याला मनसोक्त धिंगाणा घालू द्या! १९७४ मध्ये ते पुण्यात आले आणि कोरेगाव पार्कातल्या आश्रमात भल्या सकाळी होणारं हेच ‘डायनॅमिक’ ध्यान जगभर गाजलं.

एकूण एक तास, रिकाम्या पोटी, डोळे मिटून. पहिली दहा मिनिटं नाकाने वेगात श्वास. जोर बाहेर सोडण्यावर; आत घेण्याचं काम शरीर आपसूक करतं. भस्त्रिका प्राणायामाला ठेका असतो, इथे ठेका जमू लागला की मोडायचा. पुढची दहा मिनिटं जे येईल ते बाहेर काढायचं : रडा, ओरडा, हसा, हातपाय आपटा. मग दहा मिनिटं हात वर करून उड्या. प्रत्येक वेळी पूर्ण तळवा जमिनीवर आणि तोंडाने ‘हू’. पोटऱ्या भरून येतात, खांदे बंड करतात आणि नेमकं तेव्हाच ऐकू येतं : ‘स्टॉप!’

असाल तसे थांबा. हात वर असतील तर वरच. साधं खोकायचंही नाही, पंधरा मिनिटं. त्यानंतर पंधरा मिनिटं नाच.

माझ्या मते खरी करामत या थांबण्यात आहे. गूढवादी गुरू गुर्जिएफही शिष्यांना असंच अचानक जागच्या जागी थांबवत असे. छाती धडधडतेय, पाठीवरून घामाचा ओघळ उतरतोय, श्वास कानात वाजतोय. एरवी श्वासाकडे लक्ष ओढून न्यावं लागतं. इथे श्वासच तुम्हाला सोडत नाही. विजेच्या बिलाला शिरकाव कुठून मिळणार?

बाकी ‘ऊर्जा चढली’ म्हणून जे सांगतात, त्यात शरीरशास्त्राचा वाटा मोठा. भराभर श्वास सोडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात. गरगरतं, ओठांना मुंग्या येतात, कधी बोटं आखडतात. हृदयविकार, फिट्स, वाढलेला रक्तदाब किंवा गरोदरपण असेल, तर या वाटेला जाऊच नये.

ओरडून मन मोकळं होतं, हा दावाही जपूनच घ्यावा. १९७० मध्येच अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ आर्थर यानोव्ह यांचं ‘द प्रायमल स्क्रीम’ हे पुस्तक आलं होतं. कोंडलेलं बाहेर काढा, ही त्या काळाची हवाच होती. पुढे २००२ मध्ये मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या प्रयोगात, राग आणणाऱ्याला आठवत पंचिंग बॅग बडवणारे लोक नुसत्या बसून राहिलेल्यांपेक्षा जास्त चिडलेले निघाले. तेव्हा आरडाओरडा करायचाच, तर समोर साहेबांचा चेहरा आणू नये.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची सोय मूळ सूचनांतच आहे : आवाज न करता दुसरा टप्पा नुसत्या अंगविक्षेपांनी करा, ‘हू’ मनातल्या मनात म्हणा. तरी खालच्या मजल्यावर उड्या ऐकू जाणारच. त्यापेक्षा ओशोंचंच संध्याकाळचं ‘कुंडलिनी’ ध्यान बरं. पंधरा मिनिटं अंग सैल सोडून थरथरू द्यायचं, पंधरा मिनिटं नाचायचं, मग तितकाच वेळ स्थिर राहायचं आणि शेवटी आडवं व्हायचं. गुडघ्यांनाही ते सोसतं.