सायकल येते हो, पण शिकवली कुणी?

गेल्या वर्षी मे महिन्यातली गोष्ट. वडोदऱ्याचं ऊन तुम्हाला माहीत आहेच, म्हणून रविवारी पहाटे साडेपाचलाच आम्ही आठ जण सिंधरोटकडे निघालो होतो. भायली मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, सगळ्यांनी वेग घेतला. मी पुढच्याच्या अगदी जवळून चालवत होते. त्याने खड्डा चुकवायला सायकल किंचित डावीकडे घेतली, त्याचं मागचं चाक माझ्या पुढच्या चाकाला घासलं आणि मी थेट डांबरावर. हेल्मेटमुळे डोकं वाचलं. कोपर सोलून निघालं आणि मनगट तीन आठवडे पट्ट्यात.

घरी सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्यापेक्षा जिम लाव ना!" ग्रुपमधला एक जण काळजीने म्हणाला, "बेन, तमे पाछळ ज रहेजो." दोघांचाही हेतू चांगलाच होता. पण माझं चुकलं काय, हे मात्र कुणीच सांगितलं नाही.

ते सांगितलं ओळखीच्या एका ताईंनी. त्या आता पन्नाशीच्या पुढे आहेत, लग्नाआधी शर्यतीत सायकल चालवायच्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तुझं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला गेलं होतं का?" गेलं होतं. चाकाला चाक लागलं की बहुतेक वेळा पडतो तो मागचा, कारण त्याचं वळवायचं चाकच अडकतं. म्हणून नेहमी पूर्ण मागे राहायचं, चाकं शेजारी येऊ द्यायची नाहीत. एवढा साधा नियम, आणि दोन वर्षं सायकल चालवून मला तो ठाऊक नव्हता! आमच्या ऑफिसात नवीन आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी कुणी लाइव्ह सर्व्हरवर सोडत नाही. रस्त्यावर मात्र आम्ही स्वतःला असंच सोडून देतो.

तालमीला वस्ताद, सायकलला कोण?

आपल्या गावाला व्यायामाची मोठी परंपरा आहे. प्रो. माणिकरावांचं जुम्मादादा व्यायाममंदिर आपल्या आजोबांच्या पिढीला तर घरच्यासारखं. तालमीत वस्तादाशिवाय कुणी मातीत उतरत नसे. सायकलचं मात्र आपण धरून चालतो की आठव्या वर्षी तोल सावरता आला म्हणजे शिक्षण संपलं. मुलं पुढे गल्लीत पडत-झडत आणखी थोडं शिकतात. मुलींची सायकल बहुतेक वेळा दहावीनंतर स्कूटी आली की बंद होते. मग तिशीत आपण महागडी गिअरची सायकल घेतो, पण हात आठवीतल्या मुलीचेच असतात.

शिकायची सोय नाही असं नाही. शर्यतीत उतरणाऱ्या मुलींसाठी दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये राष्ट्रीय अकादमी आहे, पुण्यात बालेवाडीला व्हेलोड्रोम आहे, खेलो इंडियाच्या 'अस्मिता' स्पर्धा आहेत. कोल्हापूरकडची पूजा दानोळे, संगमनेरची प्रणिता सोमण अशा आपल्या मुली राष्ट्रीय पातळीवर पदकं घेऊन आल्या. २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतल्या रस्त्यावरच्या शर्यती तर जवळच गांधीनगरला झाल्या. घरात बारा-तेरा वर्षांची, सायकलवेडी मुलगी असेल तर ही वाट जरूर दाखवा.

नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या मोठ्या बायकांसमोर असतात त्या ब्रेव्हे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर २० तासांत. पहिला-दुसरा नंबर नाही, बायका-पुरुषांना वेळ सारखीच. पुण्याच्या प्रीती मस्के यांनी चाळिशीच्या आसपास सायकल धरली आणि २०२२ मध्ये कच्छमधल्या कोटेश्वरपासून अरुणाचलमधल्या किबिथूपर्यंत सुमारे ४००० किलोमीटर १४ दिवसांच्या आत पार केले. पण ब्रेव्हे ही परीक्षा आहे, वर्ग नव्हे. वर्ग कुठे आहे? ब्रिटनमध्ये २०११ पासून 'ब्रीझ' नावाचा उपक्रम चालतो. प्रशिक्षण घेतलेल्या बायका इतर बायकांना मोफत सायकलफेरीला नेतात. आपल्याकडे नेमकी हीच मधली पायरी गाळलेली आहे.

पार्किंगमधले चार रविवार

ती पायरी ताईंनी आम्हा पाच जणींसाठी एका ऑफिसच्या रिकाम्या पार्किंगमध्ये घातली.

पहिला रविवार ब्रेकचा. आम्ही सगळ्याच पुढच्या ब्रेकला घाबरायचो. खरं तर सायकल थांबवण्याचं मुख्य काम तोच करतो. दोन्ही ब्रेक हळूहळू दाबायचे आणि अंग मागे न्यायचं. माझी बोटं ब्रेकपर्यंत नीट पोचतच नव्हती! लिव्हर जवळ आणायचा छोटा स्क्रू असतो, हे तेव्हा कळलं. तुमचेही हात लहान असतील तर दुकानदाराला आधी हे करायला सांगा.

दुसरा रविवार वळणांचा. वेग वळणाआधीच कमी करायचा, बाहेरच्या बाजूचं पेडल खाली ठेवून त्यावर भार द्यायचा आणि नजर जायचंय तिथे ठेवायची, खड्ड्यावर नाही.

तिसरा गिअरचा. चढावर दम लागल्यावर नव्हे, चढ लागायच्या आधी गिअर हलका करायचा.

चौथा जोडीने चालवण्याचा. सरळ रेष सोडायची नाही, खड्डा किंवा कुत्रं दिसलं की हाताने मागच्याला दाखवायचं. शेवटी पंक्चर. मागचं चाक काढून ट्यूब बदलायला मला पहिल्यांदा चाळीस मिनिटं लागली. आता पंधरा लागतात. पहाटे एकटीने बाहेर पडायची माझी अर्धी भीती त्या पंधरा मिनिटांनी घालवली.

बाकीची भीती खोटी नाही. अंधार असतो, वाटेत स्वच्छतागृह नसतं, उत्तरायणाच्या आसपास गळ्याशी मांजा येतो. म्हणून आम्ही किमान तिघी निघतो, कुठे थांबायचं ते आधी ठरवतो, आणि डिसेंबर-जानेवारीत मानेला जाड पट्टा बांधतो.

सप्टेंबरमध्ये मी पुन्हा त्याच सिंधरोटच्या रस्त्यावर गेले. 'पाछळ रहेजो' म्हणणारे भाऊही होते. मी त्यांना चाकांचा नियम सांगितला. त्यांनाही तो माहीत नव्हता!

म्हणून मंडळाला एक विनंती. वर्षातून चार रविवार आणि एखादं शाळेचं मैदान मिळवून द्या. शिकवायला ताई तयार आहेत, मदतीला आम्ही पाच जणी. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा वाण काय द्यायचं हे ठरलं नसेल, तर सायकलच्या मागे लावायचा लाल दिवा सुचवते. डब्यांनी आपली कपाटं भरलेली आहेतच.