घंगाळं, शिवराई आणि एक जुना तानपुरा

वीकेंडला मॉलमध्ये तेच ते ब्रँड बघून कंटाळलात? मग गाडी काढा आणि थेट साताऱ्याला चला. राजवाडा, मोती चौक, जुन्या पेठा... पायी फिरा. तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान दिसलं की आधी विचारा, ‘मोड आहे का?’ नवं भांडं घेताना गिऱ्हाईक जुनं मोडीत देतं. ते भट्टीत जाण्याआधी गाठलंत, तर पणजीच्या जमान्यातलं घंगाळं चक्क वजनावर मिळू शकतं!

कुणी शिवराई दाखवली तर मात्र जरा सबुरीनं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपती’ असं हे तांब्याचं नाणं महाराजांनंतरही पिढ्यान्‌पिढ्या पाडलं जात होतं. त्यामुळे ‘महाराजांच्या काळातली’ म्हणून अव्वाच्या सव्वा पैसे मोजू नका. खरी शिवराई ठोकून पाडलेली असते; कडेला साच्याची रेघ आणि अंगावर बारीक छिद्रं दिसली, की समजा नक्कल!

आणि हो, शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशातल्या ताईला गिफ्ट पाठवायची नाही बरं का. १९७२च्या कायद्यानं त्याला बंदी आहे.

सांगलीकडे निघालात तर मिरजेत थांबा. इथल्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४मध्ये जीआय मानांकन मिळालंय. जुना तानपुरा घेताना भोपळ्याला तडा नाही ना, दांडी वाकलेली नाही ना, हे जाणकाराला दाखवा. घरी आणल्यावर नुसता शोपीस करू नका. तारा लावून घ्या, वाजू द्या!