शोकाकुलास धीर कसा द्यावा? : पालि साहित्यातील मार्गदर्शन

घरात दीर्घ आजार आला किंवा मृत्यू घडला, की भेटीस येणारी मंडळी बहुधा उपदेशास प्रारंभ करतात. संस्कारांच्या अनित्यतेचे स्मरण करून दिले म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे त्यांना वाटते. अनित्यता हे सत्य आहे. परंतु ते केव्हा व कोणत्या रीतीने सांगावे, हा स्वतंत्र प्रश्न आहे. आजचा समुपदेशक ज्या तत्त्वांनी दुःखिताला आधार देतो, त्यांपैकी काही तत्त्वे पालि साहित्यात स्पष्टपणे आढळतात.

विनयपिटकातील महावग्गाच्या चीवरक्खन्धकात पोटाच्या विकाराने पीडित अशा एका भिक्खूचा प्रसंग आला आहे. तो स्वतःच्या मलमूत्रात पडून होता व त्याची विचारपूस कोणीही करीत नव्हते. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदांनी त्याला स्वच्छ केले आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजविले. याच प्रकरणात रुग्णसेवकाचे ५ गुण सांगितले आहेत : औषधाची व्यवस्था करता येणे, पथ्यापथ्याचे ज्ञान असणे, लाभाची अपेक्षा न धरता मैत्रीभावाने सेवा करणे, मलमूत्र वा वांती उचलताना किळस न मानणे आणि वेळोवेळी धम्मकथेने रुग्णाचे मन प्रसन्न करणे. या क्रमाकडे लक्ष द्यावे. धम्मकथा पाचव्या स्थानी आहे. आधी औषध, आहार व स्पर्श, नंतर शब्द.

शब्द तरी कोणते असावेत? अंगुत्तर निकायाच्या छक्कनिपातात त्याचे उत्तर मिळते. भग्ग जनपदात नकुलपिता हा उपासक गंभीर आजारी पडला. त्याची पत्नी नकुलमाता हिने त्याच्या मनातील भय ओळखले. आसक्त व चिंतातुर मनाने मरण येणे दुःखकारक असते, असे सांगून तिने त्याच्या ६ शंका एकेक करून स्वतःच उच्चारल्या. मुलांचे पोषण कसे होईल? मी कापूस कातण्यात व लोकर विंचरण्यात निपुण आहे, घर चालवीन. मी दुसऱ्या घरी जाईन का? आपण १६ वर्षे गृहस्थाश्रमात ब्रह्मचर्य पाळले आहे, हे तुम्ही जाणता. तसेच भगवंतांच्या व संघाच्या दर्शनाची ओढ, शील, चित्ताची शांती आणि धम्मातील निःशंकता यांविषयीही तिने त्याला आश्वस्त केले. नकुलपित्याचा आजार शमला. पुढे काठी टेकीत तो भगवंतांकडे गेला, तेव्हा अशी अनुकंपा करणारी व हितोपदेश देणारी पत्नी लाभली हे तुझे भाग्य होय, असे भगवंत त्याला म्हणाले.

येथे उपदेश करणारी स्त्री आहे आणि भगवंत तिची प्रशंसा करीत आहेत. शिवाय तिच्या सांत्वनाचा आरंभ चरितार्थाच्या प्रश्नापासून होतो. रुग्णाला सतावणारी भीती बहुधा घरातील पैसा, मुले व नातेसंबंध यांचीच असते. ती न उच्चारता झाकून ठेवली, तर मन अधिकच पोखरले जाते.

आणखी एक दक्षता आवश्यक आहे. संयुत्त निकायातील सीवक सुत्तात वेदनांची ८ कारणे सांगितली आहेत. पित्त, कफ, वात, त्यांचा संयोग, ऋतुबदल, विषम वर्तन व आघात यांनंतर कर्मविपाक हे केवळ एक कारण आहे. प्रत्येक वेदना पूर्वकर्मामुळेच होते, हे मत भगवंतांनी तेथे स्पष्टपणे नाकारले आहे. म्हणून पुत्र गमावलेल्या मातेला किंवा कर्करोगाने पीडित माणसाला "हे तुमच्या पूर्वकर्माचे फळ" असे म्हणणे अधम्म होय. गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत बाबासाहेबांनी का नाकारला, हे आपण जाणतोच. 'द बुद्ध अँड हिज धम्म' (१९५७) या ग्रंथात त्यांनी भगवंतांच्या मानवतेचे वर्णन करताना शोकाकुलांचे सांत्वन व रुग्णांविषयीची आस्था यांना आवर्जून स्थान दिले आहे.

विहारातील उपासक-उपासिकांनी यातून एक साधा नियम घ्यावा. दुःखिताच्या घरी गेल्यावर प्रथम चूल पेटली आहे का, औषध आणले आहे का, हे पाहावे. त्यानंतर त्याला कशाची भीती वाटते, ते विचारावे आणि पूर्ण ऐकून घ्यावे. दुःख आपल्या आवाक्याबाहेरचे आहे असे दिसल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे नेण्यास संकोच करू नये. औषधाची व्यवस्था करणे हा तर रुग्णसेवकाचा पहिलाच गुण आहे. धम्मवचन त्यानंतर बोलावे. तेव्हाच ते अंतःकरणात उतरते.