येरकूची कुळकथा

आर्मेनियन माणूस आकडे मोजू लागला की मराठी कानाला ओळखीचे फारसे काही सापडत नाही. मेक, येरकू, येरेक, चोर्स, हिंग. (पाच म्हणजे हिंग, फोडणीशी संबंध नाही.) गाडी हजारावर आली की मात्र आपण चमकतो, कारण तोही ‘हझार’च म्हणतो. स्वतंत्र म्हणजे ‘अझात’, आणि जिवाभावाच्या माणसाच्या नावापुढे ‘जान’. एवढ्यावरून कोणी हजाराला आपल्या नात्याचा पुरावा मानले आणि येरकूला परका ठरवले, तर नेमके उलटे होईल. हजार आर्मेनियनांनी इराणी भाषांकडून घेतला, आपण फारसीकडून. दोन्ही घरी तो पाहुणा. येरकू आणि आपला दोन मात्र सख्खे भाऊ.

ही फसगत भल्याभल्यांची झाली. पार्थियन वंशाच्या अर्शकुनी राजांनी आर्मेनियावर 428 पर्यंत राज्य केले. दरबार, सैन्य, शिकार, धर्म, सगळीकडे इराणी शब्दांचा सुळसुळाट. मेस्रोप माश्तोत्स या साधूने इसवी सन 405 च्या सुमारास 36 अक्षरांची लिपी घडवली आणि भाषा प्रथम कागदावर, म्हणजे खरे तर चामड्यावर, उतरली, तोवर हे शब्द तिच्या अंगात भिनले होते. एकोणिसाव्या शतकातल्या अनेक युरोपीय पंडितांनी म्हणूनच आर्मेनियनला इराणीची एक शाखा ठरवून टाकले.

1875 मध्ये हाइनरिख ह्यूब्शमान या जर्मन विद्वानाने एका लेखात हे मत मोडून काढले. त्याची रीत साधी, पण चिकाटीची होती. उसने शब्द आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्यांना कोणते नियम लागू पडतात ते पाहायचे. 1897 च्या त्याच्या ग्रंथात ही वाटणी पुरी झालेली दिसते: इराणी शब्दांच्या नोंदी सहाशेहून अधिक, अस्सल आर्मेनियन जेमतेम सव्वाचारशेच्या वर. पण सर्वनामे, क्रियापदांची रूपे, आईबापांची नावे आणि लहान आकडे या थोड्यांतच होते. भाषेचे कूळ ठरवताना दरबारी शब्दांपेक्षा यांचे वजन जास्त. आर्मेनियन ही भारोपीय कुटुंबाची स्वतंत्र शाखा ठरली, ती तेव्हापासून.

या अस्सल शब्दांचे चेहरे इतके बदललेले आहेत की नियम हाती नसेल तर ओळखच पटू नये. मूळ ‘प’चा तिथे ‘ह’ झाला. पंचचा भाऊ हिंग, पदचा भाऊ ‘हेत’ म्हणजे पाऊलखूण. आपल्या शेजारच्या कन्नडनेही हेच केले आहे. तमिळमधले ‘पाल्’, दूध, तिथे ‘हालु’ होते. संस्कृत अश्वाचा भाऊ मानला जाणारा ‘एश’ आर्मेनियात गाढव झाला आहे, त्यावर मी काही बोलत नाही.

येरकूचे कोडे फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी सोडवले. आर्मेनियनमध्ये ‘द’चा ‘त’ होतो: दश तिथे ‘तास’, देणे म्हणजे ‘ताल’. शब्दारंभीच्या ‘व’चा ‘ग’ होतो: संस्कृत वेद, मी जाणतो, तिथे ‘गितेम’. म्हणजे मूळ ‘द्व’ आधी ‘त्ग’सारखा, मग ‘त्क’, पुढे ‘र्क’ झाला असणार. आणि अस्सल आर्मेनियन शब्द ‘र’ने सुरू होत नसल्यामुळे आधाराला पुढे ‘ए’ आला. एर्कू, आजच्या उच्चारात येरकू, आणि बैरुत-इस्तंबूलकडच्या पश्चिमी बोलीत येरगू. एका शब्दावर नियम उभा राहत नाही हे मेये जाणून होते. त्यांच्या बाजूला आणखी दोन साक्षीदार होते: ‘येरकार’ म्हणजे लांब, ज्याचे मूळ आपल्या ‘दूर’चेच, आणि भिणे या अर्थाचे एक जुने क्रियापद, ज्याचा ग्रीक नातलग पूर्वी ‘द्व’ने सुरू होई.

‘द्व’चा ‘र्क’ होतो यावर विश्वास बसत नसेल, तर आपलाच पाढा म्हणून पाहावा. बे एके बे, बे दुणे चार. यातला ‘बे’ही द्वि-चाच आणि ‘दुणे’ही. बारा, बावीस, बत्तीस यांत तो ‘ब’ होऊन बसला आहे, दुसऱ्यात ‘दु’ होऊन. जुन्या आर्मेनियनमधला बारा ‘येरकोतासान’ असा सरळ दोन-दहा जोडून होई. द्वादशचीही घडण तीच, पण आपण ती पार झिजवली. मेये यांच्या हाताखाली शिकलेल्या झ्यूल ब्लोक यांनी ही झीज अक्षर-अक्षर लावून मराठीचा इतिहास लिहिला. आर्मेनियनच्या बाजूने तेच काम ह्राच्या अचार्यान यांनी केले. ते ह्यूब्शमान आणि मेये दोघांचेही विद्यार्थी. त्यांचा शब्दमूळांचा सात खंडी कोश 1926 ते 1935 या काळात येरेवानमध्ये निघाला, आणि 1937 मध्ये स्टालिनच्या राजवटीने त्यांना हेरगिरीच्या आरोपावरून तुरुंगात टाकले. 1939 च्या अखेरीस ते सुटले.

मेये यांचे सगळ्यांनाच पटले असे नाही. ‘कर्किन’ म्हणजे पुन्हा, दुप्पट. हाही दोनच्याच कुळातला, पण त्याच्या आरंभी ‘एर’ नाही. तेव्हा ‘द्व’चा नुसता ‘क’च झाला, आणि येरकूतला ‘एर’ शेजारच्या येरेककडून, म्हणजे तीनकडून चिकटला, असे काही अभ्यासक मानतात. आकडे ओळीने म्हटले जातात, त्यामुळे असे होतेच. आपल्या दोनमधला ‘न’ तरी कुठला? संस्कृत द्वौमध्ये तो नाही. त्रीणिचे प्राकृतात तिण्णि झाले, त्याच्या संगतीने दोण्णि झाले, आणि तिथून तीन, दोन.

हा दाखला मोहात पाडणारा आहे, तरी माझा कल मेये यांच्याकडेच आहे. कर्किनमध्ये मुळात दोन ‘र’ असावेत आणि पहिला उच्चाराच्या सोयीसाठी गळाला असावा, असे त्यांच्या बाजूने सांगता येते. पण येरकारचे काय करायचे? ‘लांब’ काही कोणी तीनच्या शेजारी बसवून मोजत नाही, मग त्याला ‘एर’ कोणी दिला?