वाऱ्यावर चार्ज होणारी ‘ओपल’

शिडांत वारा भरला की ‘ओपल’ वीज तयार करू लागते. शिडं तिला पुढे ओढतात, तळाशी पाणी पंख्याला फिरवतं, पंखा मोटरला फिरवतो आणि बॅटऱ्या भरू लागतात. वारा पडला किंवा धक्क्याला लागायची वेळ आली, की तीच मोटर साठवलेल्या विजेवर पंखा फिरवते. आइसलंडच्या उत्तर किनाऱ्यावरच्या हूसाविक बंदरातली ही दोन डोलकाठ्यांची स्कूनर २०१५ मध्ये विजेवर चालू लागली, तेव्हा तिचं वय चौसष्ट होतं.

तिचा जन्म १९५१ चा, तेव्हाच्या पूर्व जर्मनीतल्या डामगार्टेन गावचा. तिला बांधलं ते मासेमारीचं ट्रॉलर म्हणून. उत्तरेच्या थंड समुद्रांत जाळी ओढून झाल्यावर तिला नवे मालक मिळाले आणि कित्येक वर्षं खपून त्यांनी तिची शिडाची स्कूनर केली. पुढे ती हूसाविकच्या ‘नॉर्थ सेलिंग’कडे आली. या कंपनीने १९९५ मध्ये देवमासे दाखवण्याच्या सफरी सुरू केल्या, त्या एका जुन्या ओकच्या मच्छीमार बोटीवरून. जुनी लाकडी बोट मोडीत न काढता तिला पोटापाण्याचं काम द्यायचं, ही तिथली मूळ रीत.

लाकडी बोट जपणं म्हणजे काय, हे कोकणाला वेगळं सांगायला नको. पावसाळ्याआधी आपल्याकडे होड्या वर ओढून शाकारतात. लाकडाला समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाच्या गोड्या पाण्याचं भय जास्त असतं, कारण लाकूड कुजवणारी बुरशी गोड्या पाण्याच्या ओलीत फोफावते आणि मीठ तिला आवरतं. म्हणून डागडुजी करणारा आधी डेकचे सांधे बघतो, कुजकी फळी काढून नवी बसवतो, फटींत डांबर लावलेले तागाचे धागे ठोकून भरतो. मोटरचा विचार त्यानंतर. तळ धड नसेल तर सगळ्यात महागडी बॅटरीसुद्धा पाण्यात.

मग वजनाचं गणित येतं. इंजिन आणि इंधनाची टाकी निघाली की बोटीचा तोल बदलतो. बॅटऱ्या जड असतात, म्हणून त्या होईल तितक्या खाली आणि मधोमध बसवाव्या लागतात. एक लिटर डिझेल पंख्यापर्यंत जेवढं काम पोचवतं, तेवढ्यासाठी साधारण वीस किलो लिथियम बॅटरी लागते. हा आकडा ऐकून पुष्कळजण थबकतात. पण हिशेबाची दुसरी बाजू वेगाची आहे. पाणी कापत जाणाऱ्या जड बोटीचा वेग दुप्पट करायचा, तर ताकद किमान आठपट लागते. उलट वेग निम्म्यावर आणला, तर तेच अंतर कापायला जवळजवळ चौथाई ऊर्जा पुरते. शिडाच्या बोटीला घाई मुळातच परवडत नाही आणि विजेच्या मोटरलाही नाही. म्हणून या दोघींचं जमतं.

‘ओपल’च्या पंख्याची पाती हव्या त्या कोनात वळवता येतात. बोट ढकलायची असेल तेव्हा एक कोन, वीज करायची असेल तेव्हा दुसरा. ही वीज फुकटची नव्हे. पंखा पाण्याला अडतो, बोटीचा वेग थोडा घटतो. वारा मंद असेल तर हाती फारसं काही लागत नाही, जोरकस असेल तर झरझर लागतं. खलाशाला वाऱ्याकडे बघण्याची सवय पुन्हा लावावी लागते.

हे सगळं कशासाठी, ते हूसाविकसमोरच्या स्क्याल्फांदी उपसागरात कळतं. इथे हंपबॅक देवमासे चरायला येतात. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने आणि फार लांबवर जातो, आणि देवमासे ऐकण्यावर जगतात. डिझेल इंजिनाची धडधड बोटीच्या लाकडातून थेट त्यांच्या जगात उतरते. ज्यांना भेटायला जायचं त्यांच्याच कानाशी गोंगाट करणं ‘ओपल’ टाळते. माणसांनाही मग देवमाशाचा उच्छ्वास आधी ऐकू येतो आणि नंतर तो दिसतो.

विजेची बोट ही आजची कल्पना नाही. मोरिट्झ याकोबी या अभियंत्याने १८३८ मध्ये सेंट पीटर्सबर्गला नेवा नदीत बॅटरीवर माणसांनी भरलेली बोट चालवली होती. पुढे समुद्र डिझेलने जिंकला आणि शिडं उतरली. कोकणच्या बंदरांतही तेच झालं. मचव्यावर इंजिन बसलं, शिडं गेली, आणि वाऱ्याचा अंदाज घेणारी तांडेलाची नजरही हळूहळू मागे पडली. डिझेलला शिडाची गरज नव्हती. विजेला ती आहे, कारण तिचा साठा लहान आणि वारा तिचा भरवशाचा सावकार. मला हे रूपांतर मोलाचं वाटतं ते यासाठी. नवं यंत्र जुन्या बोटीत आलं आणि तिचं शीड तिला परत मिळालं.

दिवसाच्या सफरी संपल्या की ‘ओपल’ धक्क्यावर वायर जोडून घेते. आइसलंडची वीज जवळजवळ सगळी वाहत्या पाण्याच्या आणि जमिनीखालच्या उष्णतेच्या जोरावर तयार होते. रात्रभर ती तिच्या बॅटऱ्यांत उतरते. सकाळी दोर सुटतात, बोट आवाज न करता बंदराबाहेर पडते आणि मोकळ्या पाण्यात पोचल्यावर खलाशी शिडं चढवायला लागतात.