उंच काचपेटीतली हिरवी बाग

हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हौसेला हिशेब मात्र हवा. दिवाणखान्यात जिवंत पाणवनस्पतींची उंच काचपेटी ठेवायची, ही हौस आता लहान गावांतल्या घरांतही दिसू लागली आहे. मुलांना मासे हवे असतात, आजी-आजोबांना हिरवाई. घरात कन्नड बोलणारे तिला ‘मीनिन तोट्टी’ म्हणतील, मराठी बोलणारे ‘फिशटँक’. नाव काहीही असो, दुकानातून तयार टाकी उचलून आणणं वेगळं आणि आपल्या मापानं बनवून घेणं वेगळं.

आज उदाहरणाला घेऊ या उज्जैन. मराठी माणसाला हे गाव परकं नाही. शिंद्यांची गादी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरला जाईपर्यंत इथेच होती, आणि महाकालेश्वराचं आजचं मंदिर राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात उभं केलं. पाणी घराच्या अंगणात खेळवण्याची हौसही इथली जुनीच. क्षिप्रेकाठच्या कालियादेह महालात नदीचं पाणी कुंडांतून फिरवलेलं आजही पाहायला मिळतं. तेव्हा आपली लेक, सून किंवा नोकरीला गेलेला मुलगा माळव्यात असेल आणि फोनवर ‘टाकी बनवून घेऊ का?’ असं विचारत असेल, तर त्याला काय सांगाल?

उंची वाढते तसा दाब वाढतो

टाकी लांब केली तर काचेच्या तळाशी पाण्याचा दाब वाढत नाही. तो वाढतो उंचीमुळे. ९० सेंटीमीटर लांब टाकीत पाणी ४५ सेंटीमीटर उंच असेल, तर समोरच्या काचेवर सुमारे ९० किलोचा रेटा येतो. उंची ६० केली की तो १६० किलोच्या घरात जातो आणि ७५ केली की २५० किलोवर. म्हणून ६० सेंटीमीटरला निदान १० मिलिमीटर आणि ७५ ला १२ मिलिमीटर जाडीची काच घ्यावी, वर आडव्या काचपट्ट्यांचा आधारही द्यावा. इथे चार पैसे वाचवायला जाऊ नका. घरात रांगणारं मूल असेल तर मुळीच नको.

मग वजन. ९० लांब, ४५ रुंद, ६० उंच अशा टाकीत २४३ लिटर पाणी मावतं. काच, वाळू आणि लोखंडी स्टँड धरून भार साडेतीनशे किलोपर्यंत जातो, तोही अर्ध्या चौरस मीटरपेक्षा कमी जागेवर. राहत्या खोलीची जमीन आपल्याकडे साधारण चौरस मीटरला २०० किलो भार धरून आखतात. म्हणून टाकी खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत, तुळईच्या जवळ ठेवावी. वरच्या मजल्यावर ठेवायची असेल तर आधी इंजिनिअरला विचारावं. जुन्या वाड्याच्या लाकडी तक्तपोशीवर तर हा विचारच सोडून द्यावा.

आणखी एक साधी कसोटी आहे. बाही वर सारून हात आत घाला. बोटं तळाला टेकली पाहिजेत. रोपं लावायची, पिकली पानं काढायची, काच पुसायची ती हातानंच. त्यामुळे बहुतेक घरांना ६० सेंटीमीटर उंची पुरे.

सूर्य कुठून येतो?

उज्जैन कर्कवृत्ताच्या अगदी जवळ आहे. सवाई जयसिंहांनी बांधलेल्या तिथल्या वेधशाळेत २१ जूनच्या दुपारी शंकूची सावली जवळजवळ नाहीशी होते. याचा टाकीशी संबंध काय? जूनमध्ये दुपारचं ऊन दक्षिणेच्या खिडकीतून आत येत नाही. डिसेंबरमध्ये मात्र सूर्य दुपारीही क्षितिजापासून ४३ अंशांवरच असतो, आणि सात फूट उंचीच्या खिडकीतून ऊन सात फुटांहून आत पोचतं. बेळगावात तोच सूर्य ५१ अंशांवर असतो. टाकीवर थेट ऊन पडलं की काचेवर शेवाळ चढतं. म्हणून दक्षिणेची आणि पश्चिमेची खिडकी टाळावी आणि रोज सात-आठ तास एलईडी दिवा लावावा.

उंच टाकीत तळाशी उजेड कमी पोचतो. त्यामुळे गालिच्यासारख्या पसरणाऱ्या नाजूक वनस्पतींच्या मागे लागू नये. लांब पात्यांची व्हॅलिसनेरिया स्वतःच वर उजेडाकडे जाते आणि जड पाण्यातही तगते. जावा फर्न आणि अनुबियास मंद उजेडात खूश असतात. ही रोपं वाळूत न पुरता लाकडाच्या ओंडक्याला दोऱ्यानं बांधावीत, म्हणजे मधली रिकामी उंचीही भरते. कासच्या पठारावरचा वायतुरा कितीही मोहात पाडो, तो दुर्मीळ आहे. त्याला तिथेच राहू द्यावं.

माळव्याचा उन्हाळा

मे महिन्यात तिथे पारा चाळिशी ओलांडतो. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि तो पाण्यात शिरतो मुख्यतः पृष्ठभागातून. टाकी उंच केली तरी पृष्ठभाग तेवढाच राहतो, म्हणून उंच टाकीत मासे मोजकेच हवेत. रात्री वनस्पतीही प्राणवायूच वापरतात, तेव्हा हवेचा पंप चालू ठेवावा. वीज जाते तिथे बॅटरीवर चालणारा पंप हाताशी असावा. पाण्यावर छोटा पंखा सोडला की बाष्पीभवनानं दोन-तीन अंश गारवा येतो. दिवा दुपारी न लावता संध्याकाळी लावावा. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवलं की त्यातला क्लोरीन बराचसा निघून जातो. बोअरचं पाणी मात्र किती जड आहे, ते आधी तपासून घ्यावं.

टाकी आली की लगेच मासे आणू नका. आधी रिकाम्या जागेत पाणी भरून दोन दिवस गळती पाहा. मग वाळू आणि रोपं घाला आणि तीन-चार आठवडे थांबा. माशांची घाण पचवणारे जिवाणू तेवढ्या काळात रुजतात. मुलं रोज विचारतील, ‘मासे कधी?’ त्यांच्या हाती एक वही द्या आणि नवं पान फुटलं की त्याची तारीख लिहायला सांगा. मासे येईपर्यंत ती वही बरीच भरलेली असेल, आणि टाकीची काळजी कुणी घ्यायची हा प्रश्नही घरात उरणार नाही.