लेखणीला हवे असतात कान

लेखनकला शिकविता येते काय, असे पुष्कळ पालक विचारतात. हुबळी-धारवाडकडील मुले तर म्हणतात, ‘घरात मराठी, बाजारात कानडी; आमची बोली सरमिसळ. आम्ही काय लिहिणार?’ त्यांना आम्ही धारवाडचेच उदाहरण देतो.

१९२२ च्या सुमारास द. रा. बेंद्रे यांनी तेथे ‘गेळेयर गुंपु’, म्हणजे मित्रमेळा, जमविला. परीक्षा नाही, प्रशस्तिपत्र नाही. साहित्यप्रेमी मित्रांनी एकत्र बसून वाचावे, चर्चा करावी, एकमेकांस लिहिते करावे, एवढेच. बेंद्र्यांच्या घरची भाषा मराठी, तरी त्यांनी काव्य रचले ते कानडीत, आणि १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना लाभला. उलट, त्याच धारवाडात जी. ए. कुलकर्णी यांनी महाविद्यालयात इंग्रजी शिकविले, भोवती कानडी ऐकली, अन् कथा लिहिल्या मराठीत.

यावरून आम्ही दोन धडे घेतो. दोन भाषा कानी पडणे हे उणेपण नव्हे, ती पुंजी आहे. आणि लेखणीला गुरूच्या छडीहून अधिक गरज असते ती मन लावून ऐकणाऱ्या सोबत्यांची.

तेव्हा मायबापहो, आज रात्री जेवणे आटोपल्यावर लेकराला त्याने लिहिलेल्या चार ओळी मोठ्याने वाचू द्या. चुका मागाहून काढाव्यात, आधी ऐकावे.